दांडा आपोआप पडतो

विजेच्या प्रकाशात असत्य टिकू शकत नाही, असे चिंतामणी मास्तरांनी आपल्या पिठाच्या गिरणीच्या उद्घाटनाच्या भाषणात सांगितले. पुढचे वाक्यही तयार होते, पण तेवढ्यात वीज गेली.

ही गोष्ट सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतली, एकोणीसशे चौतीसच्या दसऱ्याची. जमलेल्या मंडळींना वाटले, हा कार्यक्रमाचाच भाग असावा. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मोटारीशेजारच्या लोखंडी पेटीवर 'खट्' असा आवाज झाला, तो कोणाला ऐकू आला नाही. गिरणीवर नुकताच नेमलेला बसप्पा तेवढा दचकला. वीज कंपनीचा फिटर दस्तगीर त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "डरू नको रे. बिजली गई की हँडल अपने आप गिरता. वापस आई की तूच उठाना. आहिस्ता."

बसप्पाचे यंत्रविद्येचे शिक्षण एवढेच झाले, आणि ते पुरेसे होते. मास्तरांचे शिक्षण त्याहून पुष्कळ जास्त झाले होते. पुढचा सगळा घोटाळा त्यातून निघाला.

त्या लोखंडी पेटीला स्टार्टर म्हणत. तिच्या तोंडावर अर्धवर्तुळात पितळेची बटणे होती आणि त्यांवरून फिरणारा एक दांडा होता. सकाळी मेन स्विच लावायचा आणि दांडा पहिल्या बटणावर ठेवायचा. मोटार घुमायला लागली की दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, असे करत तो सावकाश शेवटपर्यंत न्यायचा. तिथे एक लोहचुंबक दांड्याला धरून ठेवी. वीज होती तोवर चुंबकात जीव होता. ती गेली की चुंबक दांडा सोडून देई आणि मागची स्प्रिंग त्याला खट्कन मूळ जागी आणून बसवी. मग वीज परत आली तरी मोटार गप्प. कोणीतरी दांडा पुन्हा पहिल्या बटणापासून नेईपर्यंत ती हलायची नाही.

बसप्पाला यात नवल वाटले नाही. "बैल बसला की उटवाया लागतोच की," तो बायकोला, मल्लव्वाला, म्हणाला. कुंभारीहून तो रोज पहाटे चालत येई. गिरणीत शिरल्यावर पहिल्यांदा मोटारीला विभूतीची तीन बोटे ओढी, मग दांड्याला हात लावी. मास्तरांच्या पत्नी गोदावरीबाई यांनी तर उद्घाटनाच्या दिवशी तेलात कालवलेला शेंदूर आणि हळदकुंकू, पेटीवर सपाट जागा सापडली तिथे, चांगले बोटभर जाड थापले होते. यंत्राच्या सुरक्षिततेची व्यवस्था अशी सर्व बाजूंनी झालेली होती.

दळण चालू असताना वीज गेली की दगडाच्या तोंडाशी अर्धवट भरडलेली ज्वारी अडकून बसे. ती काढल्याशिवाय पुन्हा मोटार लावली तर पट्टा जळे. म्हणून वीज जाताच बसप्पा 'खट्'ची वाट पाही. तो आवाज झाला की झाकण उघडून कोपरापर्यंत हात आत घाली आणि भरड उपसून काढी. सगळे आवरून दांडा उचलेपर्यंत दहा-बारा मिनिटे जात.

मास्तर गिरणीवरच्या माडीत राहत. तिथल्या मधल्या खोलीत उजेड नसल्याने दिवसाही विजेचा दिवा लागे. त्या दिव्याखाली बसून मास्तर विचार करीत. दिवा जातो. मिनिटभराने दिवा येतो. त्याला कोणी हात लावत नाही. खाली गिरणीही बंद पडते, पण ती मात्र बारा मिनिटे येत नाही. दिव्याची वीज आणि गिरणीची वीज एकाच तारेतून येते. सबब, उरलेली अकरा मिनिटे बसप्पाची.

मास्तरांनी शाळेत तीस वर्षे इंग्रजी आणि भूमिती शिकवली होती. हा त्यांचा भूमितीचा भाग.

गिरणीला वर्ष होत आले, तेव्हा त्यांनी एका वहीत मोटारीची हजेरी घ्यायला सुरुवात केली. महिनाभर वही भरल्यावर ते ती घेऊन खाली उतरले.

"बसप्पा, काल दुपारी मोटार चौदा मिनिटं गैरहजर होती."

"ईज गेलती, मास्तर."

"वीज दोन मिनिटांत आली. मी दिव्याखाली बसलो होतो. मग मोटार का आली नाही?"

"दांडा पडला की. पडल्यावर भरड काडाया लागती, मग दांडा उचलाया लागतो."

"दांडा कोणी पाडला?"

"आपसूक पडतोय की त्यो."

बसप्पाने इथे दुसरा कोणताही शब्द वापरला असता तर कदाचित निभावले असते. पण तीस वर्षांत मास्तरांसमोर शाई आपोआप सांडली होती, पाटी आपोआप फुटली होती, पुढच्या बाकावरच्या मुलाची शेंडी मागच्या बाकाला आपोआप बांधली गेली होती. या शब्दाशी त्यांचा संबंध फार जुना होता आणि एकदाही तो खरा निघाला नव्हता.

"आपोआप," मास्तर म्हणाले.

"सिद्रामेश्वराची आन, मास्तर. दावतो की. ह्ये बगा." बसप्पाने जाऊन मेन स्विच ओढला. मोटार मंदावली आणि दांडा खट्कन खाली आला.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "तू आत्ता काय केलंस?"

"स्विच वडला."

"कशाने?"

"हातानं."

"मग दांडा कशाने पडला?"

मास्तरांनी वहीत नोंद केली : 'हाताने पडतो, हे कबूल.'

दळण घेऊन बसलेल्या राजाबाईंना हा सवालजवाब फार आवडला. त्या शेजारच्या गल्लीतल्या, तोंडाच्या फटकळ. दळण होईपर्यंत उंबऱ्यावर बसून पेठेतल्या प्रत्येक घराचा निकाल लावायच्या. "मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमी कोर्टात पायजे हुता. फिर्यादीच फासावर गेला आसता."

बसप्पाला मात्र हसू येईना. त्याची लेक जगदेवी लग्नाची झाली होती आणि करकंबचे एक चांगले घर चालून आले होते. मध्यस्थाने सांगितले होते, पोरीचा बाप सोलापुरात इजेच्या मोटारीवर हाय. पाहुणे येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी येणार होते, आणि मध्यस्थाने आगाऊपणा करून त्यांना गिरणीही दाखवायचे कबूल केले होते. त्या गिरणीतून बाप कामचुकार म्हणून हाकलला गेला, हे करकंबला कळायला चार दिवसही लागले नसते.

मास्तर अन्यायी नव्हते. पुराव्याशिवाय त्यांनी कधी कोणाला छडी मारली नव्हती. त्यांनी ठरवले, आपण स्वतः खाली बसायचे आणि वीज गेल्यावर दांडा पडतो का, हे डोळ्यांनी पाहायचे. स्टार्टरसमोर खुर्ची मांडली गेली. गोदावरीबाईंनी चहा खाली पाठवला, मग जेवणाचे ताट पाठवले.

आठ दिवस वीज गेली नाही.

एरवी रोज दोनदा जाणारी वीज त्या आठ दिवसांत एखाद्या घरंदाज सुनेसारखी वागली. बसप्पा मोटारीकडे आणि मास्तर बसप्पाकडे पाहत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच बसप्पा वीज जावी म्हणून मनातल्या मनात देवाला नवस बोलत होता, आणि दर वेळी बल्ब जरा मिणमिणला की दोघेही पुढे सरकत.

"आता घालव की तुझी वीज," आठव्या दिवशी मास्तर म्हणाले.

"माजी कशी, मास्तर? कंपनीची हाय."

"मी खाली बसलो की जात नाही. वर गेलो की जाते. कंपनीला मी कुठे बसलो आहे हे कसं कळतं?"

याचे उत्तर वीज कंपनीजवळही नसावे.

नवव्या दिवशी, म्हणजे शनिवारी, मास्तरांच्या पाठीला रग लागली आणि त्यांना एक उपाय सुचला. वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे ते ज्या पद्धतीने बंद करीत, ती पद्धत कधी फसली नव्हती. सकाळी बसप्पाने दांडा शेवटपर्यंत नेला. मग मास्तरांनी पांढरी फीत घेऊन दांडा पेटीच्या कडीशी आवळून बांधला, गाठीवर लाख वितळवून ओतली आणि तिच्यावर शाळेचा पितळी शिक्का मारला. तो निवृत्तीच्या दिवशी नजरचुकीने त्यांच्याबरोबर घरी आला होता. बसप्पाने स्विच ओढून दाखवला होता, हे लक्षात ठेवून त्यांनी मेन स्विचची पेटीही तशीच सीलबंद केली.

"मास्तर, दांडा बांदू नगा," बसप्पा कळवळून म्हणाला. "त्येला पडाया लागतंय."

"त्याला पडायला लागतं, की तुला बसायला लागतं?" मास्तरांनी वहीत वेळ लिहिली. "संध्याकाळी मी स्वतः सील तोडीन. त्याआधी ते तुटलेलं दिसलं, तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस. आणि करकंबच्या पाहुण्यांना मी गिरणी दाखवणार नाही."

मास्तर माडीवर गेले. बसप्पा दांड्याकडे पाहत उभा राहिला. नवरदेवाच्या मनगटाला हळकुंड बांधावे तसा दांडा दिसत होता.

कापडगिरण्यांचा जेवणवेळेचा भोंगा झाला आणि राजाबाईंची पायली दगडावर चढली. निम्मी दळून झाली असेल नसेल, तोच बल्ब विझला. पट्टा सळसळत मंदावला, दगड थांबला. बसप्पा कान देऊन उभा राहिला.

खट् झाले नाही.

मास्तर जिन्यावरून धोतर सावरत धावत आले. त्यांनी आधी सील पाहिले. लाख शाबूत होती. मग बल्ब पाहिला. अंधार होता. मग दांड्याकडे बोट दाखवून ते जवळजवळ ओरडले, "पडला का? वीज गेली आहे. पडला का दांडा आपोआप?"

"बांदल्यावर कसा पडंल, मास्तर?"

"प्रश्नाला प्रश्न नको. पडला का?"

"न्हाय."

"झालं तर."

"अवो मास्तर," राजाबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या, "माज्या मालकालाबी खांबाला बांदा आन् लिवून द्या, ह्यो गुत्त्यावर जात न्हाय. मी देवाला नारळ फोडीन."

मास्तरांनी तिकडे दुर्लक्ष केले. "आता वीज आली की मोटार दिव्यासारखी आपणहून सुरू होईल. तोवर भरड काढून घे."

"खट् झाल्याबिगर मी आत हात घालत न्हाय," बसप्पा म्हणाला. आवाज खालचा होता, पण तो जागचा हलला नाही. "तुमी सील तोडा. दांडा खाली घितो, मग काडतो."

"सील असं तोडता येत नाही. दोन साक्षीदारांसमोर, वेळ लिहून तोडायचं असतं. राजाबाई एक. अहो!" मास्तरांनी जिन्याकडे तोंड करून हाक दिली, "जरा खाली या, साक्षीदार पाहिजे!"

"भाकरी तव्यावर आहे!" वरून गोदावरीबाईंचा आवाज आला.

"मास्तर, घरी माणसं जेवाया खोळंबल्यात माज्या," राजाबाई म्हणाल्या. "पीठ द्या, न्हाय तर जुंधळं परत द्या."

तीस वर्षे वर्गात कोणी नाही म्हटले की मास्तर स्वतः फळ्याकडे जात. ती सवय होती. त्यांनी सदऱ्याची बाही कोपरावर सारली, झाकण उघडले आणि दगडाच्या तोंडात हात घातला. "यात भिण्यासारखं काय आहे?" ते मूठभर भरड बाहेर काढत म्हणाले. "काम टाळायचं असलं म्हणजे..."

"मास्तर, हात काडा."

"...माणसाला यंत्रसुद्धा..."

"हात काडा वो!"

मास्तर हात काढेनात. बसप्पाने एकदा दांड्यावरच्या लाखेकडे पाहिले. एक हिसका पुरला असता. त्याने मेन स्विचवरच्या लाखेकडे पाहिले. मग त्याला पट्टा दिसला. पट्ट्याला मास्तरांनी सील लावले नव्हते. कोपऱ्यातली बाभळीची काठी घेऊन, मोटारीचे चाक हाताने फिरवत, सगळे अंग टाकून त्याने पट्टा चाकावरून रेटला. पट्टा फटकन जमिनीवर पडला.

मास्तरांनी मान वळवली. हात आतच होता. "पट्टा कोणाला विचारून उतरवलास? म्हणजे दांडा बांधला तर पट्टा, पट्टा बांधला तर आणखी काही. गिरणी बंद पाडायचीच! बस्स. सील असो नसो, तू उद्यापासून..."

वीज आली.

बल्ब लागला आणि त्याच क्षणी मोटारीने असा हिसका घेतला की खालची फरशी हादरली. पट्टा नसलेले चाक भिंगरीसारखे फिरले, मेन स्विचच्या फळीवर निळा जाळ झाला, फ्यूज बंदूक उडावी तसा उडाला आणि पुन्हा सगळे थांबले. जळक्या रबराचा वास सुटला. सुरुवातीपासून पायरी पायरीने घ्यायचा जोर मोटारीने एकदम घेतला होता. बसप्पाच्या पायाशी पट्टा मेलेल्या धामणीसारखा पडून होता. दगड हलला नव्हता.

मास्तरांचा हात कोपरापर्यंत दगडाच्या तोंडात होता.

मग बसप्पा पुढे झाला, त्याने मास्तरांचे मनगट धरले आणि लहान मुलाचा हात लाडवांच्या डब्यातून काढावा तसा सावकाश बाहेर काढला. हात पिठाने पांढरा झाला होता. मास्तरांनी बोटे मोजली. पुन्हा मोजली. दोन्ही वेळा पाच भरली.

"आले हो," जिन्यावरून गोदावरीबाई हात पुसत उतरल्या. "कशाला पाहिजे होता साक्षीदार?"

"ऱ्हाऊ द्या, वयनी," राजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "मी एकली पुरं."

दस्तगीर फिटर दुपारी सायकलवरून आला. नवा फ्यूज घालताना त्याची नजर फितीवर गेली आणि तो खाली बसला. "या अल्ला. ये किने बांध्या? मोटार को राखी?"

बसप्पा म्हणाला, "ऱ्हाऊ दे, भाऊ. झालं ते झालं."

दस्तगीरने पेटी चारी बाजूंनी पाहिली. मग घासलेट आणि चिंधी मागितली आणि पेटीच्या तोंडावरचे वर्षभराचे शेंदूर-कुंकू घासायला लागला. घासता घासता खालून चार बोटे रुंद पितळी पट्टी निघाली. तिच्यावर इंग्रजीत ठसठशीत उठावाची अक्षरे होती.

"मेरेकू अंगरेजी नईं आती," दस्तगीर म्हणाला. "पर हर पेटी पे ये पट्टी रहती. कुछ कामकी बात होगी."

मास्तर चष्मा लावून वाकले. त्यांनी आधी मनात वाचले, मग सवयीप्रमाणे मोठ्याने, उच्चार सांभाळून वाचले, आणि वर्गात करीत तसा मराठी अर्थ सांगितला :

"वीज खंडित झाल्यास दांडा आपोआप परत येतो. दांडा बांधू नये."

"व्हय," बसप्पा म्हणाला.

मग त्यांनी खिशातली वही काढली आणि महिनाभराची हजेरी पहिल्या पानापासून खोडायला बसले. फाडून टाकता आली असती; पण खोडलेल्या प्रत्येक ओळीपुढे ते सही करीत होते. चहा आला तेव्हा त्यांनी कप स्वतः उचलून आधी बसप्पापुढे धरला. बशीत थोडा चहा सांडला. तो आपोआप सांडला, असे कोणी म्हटले नाही.

"सोमवारी किती वाजता येणार पाहुणे?" मास्तरांनी विचारले.

"धाच्या गाडीनं."

"मी आहे," मास्तर म्हणाले.

सोमवारी करकंबचे पाहुणे आले तेव्हा मास्तर कोट-पगडी घालून गिरणीच्या दारात उभे होते. त्यांनी पाहुण्यांना पेटीसमोर बसवले आणि वीज म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. चुंबक सांगितला, स्प्रिंग सांगितली. मग म्हणाले, "वीज गेली की हा दांडा आपोआप पडतो." 'आपोआप' म्हणताना ते किंचित अडखळले, पण म्हणाले. "तो का पडतो, हे पेठेत एकाच माणसाला माहीत होतं. माझा हा हात आज आहे तो त्या माणसामुळे." आणि त्यांनी हात सर्वांना दाखवला.

मुलाचे चुलते हे सगळे डोळे मिटून, मान हलवत ऐकत होते. "ते ब्येस हाय," मास्तर थांबल्यावर ते म्हणाले. "पर पोरीला कडक भाकरी थापता येती का? आमच्यात रानात तीन दीस टिकाया लागती."

"लई चांगली थापती," बसप्पा म्हणाला.

"मग ठरलं की," चुलते म्हणाले, आणि उठले. स्टार्टरकडे त्यांनी पाहिले नाही.

लग्न माघात झाले. पुढच्या खंडेनवमीला गोदावरीबाईंनी तेलात शेंदूर कालवला आणि त्या पितळी पट्टीवर थापला. पेटीला सपाट जागा तेवढीच होती.